सांधा, जोड आणि सांदी : ‘जॉइंट’ या इंग्रजी शब्दाचे मराठीतील अर्थविश्व

इंग्रजीतील ‘जॉइंट’ हा शब्द भाषांतरकाराला सहसा अडवीत नाही, आणि त्याच्यापासून होणारा उपद्रव नेमका येथूनच सुरू होतो. गुडघ्याचा सांधा, चौकटीच्या दोन लाकडांमधील जोड, भिंतीच्या दोन दगडांमधील दरज, दोन रुळांच्या टोकांमधील फट, खाटकाने तोडून दिलेला मांसाचा मोठा तुकडा, किंचित बदनाम अशी खाण्यापिण्याची जागा आणि गांजा भरलेली सिगारेट, या सर्वांना इंग्रजी एकाच शब्दाने संबोधते. विशेषण झाल्यावर तोच शब्द बँकेच्या खात्याला, समितीला, सचिवाला आणि कुटुंबालाही लागतो. लॅटिन ‘जुंगेरे’ या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. त्याचे मूळ आणि संस्कृत ‘युज्’ हा धातू एकाच घराण्यातील असल्यामुळे व्युत्पत्तीने पाहिले तर ‘जॉइंट’चे मराठीतील नातलग ‘योग’, ‘युग्म’ आणि बैलाच्या मानेवरचे ‘जू’ हे होत. दोन स्वतंत्र गोष्टी बाहेरून एका बंधनाखाली आणणे ही त्यामागील मूळ कल्पना आहे.

मराठीने मात्र या कामासाठी दुसरे घराणे मुख्य मानले. ‘सम्’ या उपसर्गासह ‘धा’ धातूपासून झालेल्या ‘संधी’ या शब्दाची संतती मराठीत मोठी आहे : सांधा, सांधणे, सांद, सांदी, संधान, अनुसंधान. दिवस आणि रात्र यांच्या मिलनाची ‘संध्या’ व तिच्यापासून आलेली ‘सांज’ हीही याच गोतावळ्यात गणली जाते. या घराण्यात एक विशेष आहे. जेथे दोन वस्तू एकमेकींना भेटतात ती जागा, आणि त्या भेटूनही त्यांच्यामध्ये जे अंतर उरते ते, अशा दोन्ही गोष्टी त्यातील शब्द सांगतात. ‘जॉइंट’ला ‘जोड’ म्हणून मोकळे होणाऱ्या भाषांतरात यांपैकी दुसरी गोष्ट हरवते. तिचे मोल किती, हे पाहण्यासाठी भिलाई हे ठिकाण सोयीचे आहे, कारण तेथील एका मोठ्या उद्योगाचा दीर्घकाळचा प्रयत्न सांधा नाहीसा करण्याचा आहे.

भिलाई पोलाद प्रकल्पाचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढील वर्षापासून तेथे भारतीय रेल्वेसाठी रूळ लाटले जाऊ लागले. रुंदमापी मार्गावरील रुळाची जुनी प्रमाण लांबी १३ मीटर होती. असे दोन रूळ टोकाला टोक लावून ठेवावयाचे, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, म्हणजे फिशप्लेट, लावून बोल्ट आवळावयाचे आणि टोकांमध्ये काही मिलिमीटर जागा सोडावयाची, ही रीत होती. ही जागा निष्काळजीपणाने राहत नसे. तापमान ४० अंशांनी वाढले तर १३ मीटर पोलाद सुमारे ६ मिलिमीटर लांबते, आणि त्याला लांबण्यास वाव मिळाला नाही तर रूळ वाकतो. याचा अर्थ असा की रुळाचा सांधा दोन कामे करीत असे : तो रूळ जोडीत असे आणि त्यांना एकमेकांपासून दूरही ठेवीत असे. चाक प्रत्येक फटीवर आपटे आणि आगगाडीच्या प्रवासाला तिचा सुपरिचित ठेका मिळे. एक किलोमीटर मार्गाच्या दोन्ही रुळांवर मिळून असे दीडशेहून अधिक सांधे येत.

सोव्हिएत अभियंत्यांच्या रशियन भाषेत या जागेला ‘स्तिक’ म्हणतात. शरीराच्या सांध्यासाठी तेथे ‘सुस्ताव’ हा वेगळा शब्द आहे आणि या दोहोंची गल्लत होत नाही. इंग्रजीने एकत्र ठेवलेले हे दोन अर्थ रशियन वेगळे ठेवते, तर मराठी त्यांना पुन्हा ‘सांधा’ या एकाच शब्दात आणते. मात्र मराठीतील हे एकत्र येणे इंग्रजीसारखे नाही.

त्याचे कारण नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सापडते. नागपूर ते राजनांदगाव हा छोट्या मापाचा मार्ग १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि आज मुंबई-हावडा मार्ग म्हणून तो दुर्ग-भिलाईवरून जातो. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जेथे वळविली जाते त्या जागेला इंग्रजीत ‘पॉइंट्स’ किंवा ‘स्विच’ म्हणतात, ‘जॉइंट’ म्हणत नाहीत. मराठीत तो ‘सांधा’ आहे. गाडी ‘सांधा बदलते’ आणि तो बदलणारा कामगार ‘सांधेवाला’ असतो. हिंदीत त्याच जागेला ‘काँटा’ आणि त्याच कामगाराला ‘काँटेवाला’ म्हणतात. सालेकसा आणि दरेकसा मागे टाकून गाडी डोंगरगडाकडे निघाली की लोखंड तेच राहते, पण शब्द बदलतो. इंग्रजीची नजर रुळाच्या निमुळत्या टोकावर आहे, हिंदीला तेथे काटा दिसला, आणि मराठीला दोन मार्ग ज्या ठिकाणी एकत्र येऊन पुन्हा विलग होतात ते ठिकाण दिसले. एकाच यंत्रभागाकडे पाहण्याचे हे तीन दृष्टिकोन आहेत, आणि प्रत्येकातून वेगळे रूपक जन्मास येते. मराठी गद्यात संभाषण सांधा बदलते, आयुष्य सांधा बदलते, एखाद्या पक्षाचे राजकारणही सांधा बदलते. इंग्रजीतील ‘जॉइंट’ला हे साधत नाही.

‘सांधा’ आणि ‘जोड’ यांत मराठी बोलणारा सहज फरक करतो, पण तो सांगताना अडखळतो. खांद्याला ‘जोड’ म्हटले जात नाही आणि मोडलेल्या फणीला ‘सांधा’ घातला जात नाही. ज्या ठिकाणी हालचाल अपेक्षित आहे तेथे सांधा आणि ज्या ठिकाणी हालचाल थांबावी अशी इच्छा आहे तेथे जोड, असा हा सर्वसाधारण संकेत आहे. ‘सांधणे’ हे क्रियापद मात्र दोन्हीकडे चालते. मोडलेले हाड सांधते आणि फुटलेले भांडेही सांधता येते. ही विभागणी जुनी आहे. सुश्रुताने शरीरातील २१० संधी मोजले आणि त्यांचे चेष्टावंत व स्थिर असे दोन गट केले. रचनेवरून त्याने त्यांचे जे आठ प्रकार सांगितले त्यांत उखळासारखा ‘उलूखल’ आहे आणि कवटीच्या हाडांमधील, शिवणीसारखा दिसणारा ‘तुन्नसेवनी’ही आहे. पाश्चात्त्य शरीररचनाशास्त्र कवटीच्या या रेषांना शिवणवाचक लॅटिन नाव देते. दोन वेगळ्या परंपरांना हाडावर तीच सुईदोऱ्याची प्रतिमा दिसावी, हे तौलनिक अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे. सुश्रुताच्याच गणनेत १०७ मर्मांपैकी २० संधिमर्मे आहेत. जेथे शरीर जोडलेले आहे तेथेच ते भेद्यही आहे.

या भेद्यतेपासून ‘सांद’ आणि ‘सांदी’ फार लांब नाहीत. दोन घरांच्या भिंतींमधील अरुंद जागा ही सांदी. वस्तू सांदीकोपऱ्यात हरवतात आणि एखादा प्रस्ताव सांदीला पडतो. येथे संधीचा अर्थ ‘मिलन’ राहिलेला नाही. मिलनानंतरही जी जागा कोणाच्याच मालकीची झाली नाही, ती आता संधी आहे. हिंदीतील ‘सेंध’ हा त्याच शब्दाचा वंशज, पण तो चोराच्या हाती गेला आहे. ‘सेंध लगाना’ म्हणजे घरफोडी करणे. हा अर्थही अर्वाचीन नव्हे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकाचे नावच ‘संधिच्छेद’ आहे. त्यात शर्विलक हा ब्राह्मण चोर भिंत कोठे व कोणत्या आकारात फोडावी याचा शास्त्रशुद्ध विचार करतो. गवंडी दगडांच्या दरजा भरतो आणि चोर त्या शोधतो, पण दोघांचे लक्ष एकाच रेषेवर असते. ‘दरज’ हा शब्द फारसी आहे, त्याचा मूळ अर्थ शिवण, आणि ‘दर्जी’ त्याचाच भाऊ.

जाक देरिदा यांनी ‘ग्रामातोलॉजी’वरील १९६७ च्या ग्रंथात ‘ब्रिझ्यूर’ या फ्रेंच शब्दाला एक उपप्रकरण दिले आहे, कारण त्या शब्दात मोडणे आणि जोडणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ च्या इंग्रजी अनुवादात त्यासाठी बिजागरीवाचक ‘हिंज’ हा शब्द योजला. बिजागरीमुळे जोडणे आले, मोडणे मागे पडले. मराठी अनुवादकाला हे नुकसान सोसण्याचे कारण नाही. ‘सांध’ हा शब्द जोडाची रेषा आणि भेग या दोन्ही अर्थी मराठीत पूर्वीपासून आहे. तरीही समीक्षेच्या पुस्तकांतून अशा ठिकाणी नवे जोडशब्द घडविण्याचा जो उत्साह दिसतो, त्याचे आश्चर्य वाटते.

नाट्यविचारातही हीच कल्पना वेगळ्या वेषात भेटते. भरताने कथावस्तूचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी मानले. ॲरिस्टॉटलने कथानकाचे वर्णन गाठ बांधणे आणि गाठ सोडविणे या दोन क्रियांनी केले, आणि फ्रेंच समीक्षेने शेवटाला दिलेले नावही गाठ सोडविण्याचेच आहे. एका परंपरेत नाटक दोरीसारखे आहे आणि दुसऱ्या परंपरेत ते देहासारखे. गाठ सुटली की दोरी सरळ होते आणि नाटक संपते. देहाचे सांधे मात्र सोडवावयाचे नसतात, ते चालते ठेवावयाचे असतात. संस्कृत नाटकाचा शेवट निर्वहणाकडे, म्हणजे सर्व सूत्रे पोहोचविण्याकडे, का झुकतो याचे संपूर्ण उत्तर एका रूपकात शोधणे धाडसाचे ठरेल, पण त्या रूपकाकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही. वनस्पतीचे सांधे तर भारतीय ग्रंथरचनेत आणखी उघडपणे दिसतात. ‘पर्व’ म्हणजे बोरूचे वा उसाचे पेर, म्हणजेच सांधा, आणि ‘कांड’ म्हणजे दोन पेरांमधील कांडे. महाभारताची विभागणी सांध्यांच्या नावाने झाली आणि रामायणाची सांध्यांमधील अंतरांच्या नावाने. ऊस तोडणाऱ्याच्या बोलीत पेर आणि कांडे हे शब्द आजही शेजारी शेजारी उभे आहेत, मात्र ग्रंथालयात त्यांची ओळख पुसली गेली आहे.

मराठीत ‘संधी’ या शब्दाने आणखी एक वळण घेतले, आणि भिलाईसारख्या ठिकाणी ते विशेष जाणवते. मराठीत ‘संधी’ म्हणजे अनुकूल वेळ. संधी येते, मिळते, साधते, हुकते, आणि ती नित्य साधणारा संधिसाधू ठरतो. दोन काळांच्या मधली फट, ज्यातून आत शिरता येते, ही प्रतिमा येथे मुळाशी आहे. हिंदीत ‘संधि’ला हा अर्थ नाही. तेथे ती व्याकरणातील संधी किंवा दोन राज्यांमधील तह असते, आणि अनुकूल वेळेला ‘अवसर’ किंवा ‘मौक़ा’ म्हणतात. देशाच्या सर्व भागांतून माणसे आलेल्या आणि हिंदीत व्यवहार करणाऱ्या नगरात एखाद्या मराठी माणसाने नोकरीची चांगली संधी मिळाल्याचे सांगितले, तर हिंदीभाषक ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम तह उभा राहावा. दोन्ही भाषांत एकच तत्सम शब्द असला की भाषांतर सोपे होते असा जो समज आहे, त्याला याहून चांगले प्रत्युत्तर मिळणे कठीण.

हा प्रदेश स्वतःच अशा शब्दांची सांद आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली. दुर्ग जिल्हा आणि नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. माधवराव सप्रे या मराठीभाषकाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. भिलाईच्या पश्चिमेस त्याच लोहमार्गावर असलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अध्यापन करीत होते. मातृभाषा मराठी आणि काव्यभाषा हिंदी, असे त्यांचे जीवन. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतच राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा कवितासंग्रह आणि ‘सरहद्द’ ही कादंबरी मराठी वाचकाला परिचित आहे. एकाच घरातील दोन कवींच्या दोन भाषा एकाच रुळाच्या दोन टोकांना असाव्यात, याला केवळ योगायोग म्हणून सोडून देता येते. परंतु मुक्तिबोधांच्या हिंदी वाक्यरचनेत मराठीचे वळण शोधणाऱ्या अभ्यासकाने दोन भाषांमधील जोड शोधावयाचा की सांधा, हे प्रथम ठरविणे आवश्यक आहे. जोड शोधला तर हाती उसने शब्द लागतील. सांधा शोधला तर एका भाषेतील हालचाल दुसरीत कशी उतरते ते दिसेल.

विशेषण म्हणून येणारा ‘जॉइंट’ प्रशासनाने वेगळ्या रीतीने सोडविला. मराठीत ‘जॉइंट सेक्रेटरी’ हा ‘सहसचिव’ आहे, हिंदीत तो ‘संयुक्त सचिव’ आहे. मराठीत माणूस सोबत आहे, हिंदीत तो जोडलेला आहे. ‘संयुक्त’ हा शब्द मराठीत १९५६ ते १९६० या काळातील चळवळीने इतका भारून टाकला की राज्याच्या नावाखेरीज अन्यत्र तो थोडा औपचारिकच वाटतो. सर्वांत उद्‌बोधक उदाहरण कुटुंबाचे आहे. ‘जॉइंट फॅमिली’ला मराठीत ‘एकत्र’ आणि कायद्याच्या भाषेत ‘अविभक्त’ कुटुंब म्हणतात. इंग्रजी शब्दात व्यक्ती आधी आहेत आणि त्यांना मागाहून जोडले आहे. ‘अविभक्त’ या शब्दात जोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे अजून कोणी वाटणी केलेली नाही. ‘जॉइंट फॅमिली तुटली’ असे मराठी माणूस आज सहज म्हणतो, परंतु अविभक्त कुटुंब तुटत नाही, विभक्त होते. या एका क्रियापदाच्या फरकात वारसाहक्काचे एक संपूर्ण शास्त्र दडलेले आहे.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पहिल्या अंकाच्या अखेरीस नायक आपल्या काळाविषयी जे उद्गार काढतो, त्यांत निखळलेल्या सांध्याची प्रतिमा आहे, आणि तो बसविण्याचे काम आपल्या वाट्याला आल्याची तक्रारही. देरिदा यांनी १९९३ च्या ‘मार्क्सची भुते’ या ग्रंथात याच वाक्यापासून प्रारंभ केला आणि त्याची फ्रेंच भाषांतरे एकमेकांशी ताडून पाहिली. कोणी ते काळाविषयी केले आहे, कोणी जगाविषयी, तर कोणी युगाच्या नीतिभ्रष्टतेविषयी. मराठीत ‘हॅम्लेट’ गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून, म्हणजे १८८० नंतरच्या काही वर्षांपासून, नांदते आहे. ‘सांधा’ हा शब्द येथे भाषांतरकाराच्या हाती आयताच आहे, आणि हाड बसविणाऱ्या वैद्याची प्रतिमाही त्याबरोबर येते. इंग्रजी वाक्यातील शारीर वेदना एवढ्या थेटपणे उतरविण्याची सोय अनेक भाषांना नाही. मात्र क्रियापद निवडताना जपावे लागते. काळाचा सांधा ‘निखळला’ तर ते शेक्सपिअरचे राहते. काळाने सांधा ‘बदलला’ असे लिहिले की आगगाडी आत येते, आणि विस्कटलेल्या जगाऐवजी दुसऱ्या मार्गाला लागलेले जग वाचकापुढे उभे राहते. व्याधीच्या जागी दिशा येते. मराठी शब्दाची ही श्रीमंती असली, तरी या ठिकाणी ती अनुवादाला महागात पडू शकते.

राहिला प्रश्न रुळाचा. भिलाईत रूळ वितळजोडाने जोडून २६० मीटर लांबीचे पट्टे तयार होऊ लागले. विस्तारित प्रकल्पाचे राष्ट्रार्पण १४ जून २०१८ रोजी झाले. त्याचा भाग असलेल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटरचा अखंड रूळ लाटला जातो, त्यामुळे २६० मीटरच्या पट्ट्यात एकच वितळजोड पुरतो. कुटुंबाची भाषा वापरावयाची तर १३० मीटरचा रूळ अविभक्त आहे आणि २६० मीटरचा संयुक्त. मार्गावर नेल्यानंतर हे पट्टेही एकमेकांना वितळवून जोडले जातात, फटी बुजतात आणि ठेका थांबतो. रुळात जोड उरतो, सांधा उरत नाही. लांबण्याची पोलादाची प्रवृत्ती मात्र नाहीशी झालेली नसते. शिळापाट्या आणि खडी रुळाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे मधला भाग हलत नाही आणि उष्णता त्यात ताण म्हणून साठून राहते. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांच्या भागांत. त्या भागाला रेल्वेच्या इंग्रजीत श्वासोच्छ्वासाची लांबी असे नाव आहे, आणि यंत्रशास्त्राच्या परिभाषेत असे नाव क्वचितच आढळते.

ही टोके जेथे संपतात तेथे ‘स्विच एक्सपान्शन जॉइंट’ नावाची रचना बसवितात. तिच्यात एक निमुळता जिभेसारखा रूळ दुसऱ्या रुळाच्या अंगाला लागून पुढेमागे सरकतो, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यात वापरतात तशीच ही जोडी असते. या रचनेचे नाव ठेवताना इंग्रजीला ‘स्विच’ आणि ‘जॉइंट’ हे दोन्ही शब्द वापरावे लागले. मराठीत या दोन्ही शब्दांच्या जागी पूर्वीपासून ‘सांधा’ हा एकच शब्द आहे.